सागवानी कोठीचं कुंकू

इतवारी, नागपूर
भाद्रपद वद्य दशमी, १९३४

प्रिय सुमती,

जावईबापूंचा खोकला आता बरा असेल. माझ्याबद्दल तुझ्या काटोलला काय काय पोचलं असेल, ते मला ठाऊक आहे. वहिनीनं तेलगिरणीला लुगडं नेसवलं, असं मोठ्या दादांनी कळवलंच असेल. इथं अख्ख्या गल्लीत तेच चाललंय. चालू दे. नेसवलं, आणि आता उतरवणार नाही.

गिरणीतली सरकीची कोठी तुला आठवते ना? पेरणीच्या चाड्यासारखी, वर रुंद आणि खाली निमुळती. मामंजींनी सागवानाची करवलेली, म्हणून घरात तिचा केवढा तोरा. पण सरकीला लव असते वं. दाणा दाण्याला धरून बसतो, खालची सरकी घाण्यात निघून जाते आणि वरची कमानीसारखी अधांतरी राहते. मग कोणीतरी बांबू घेऊन आत उतरायचं आणि टोचून ती पाडायची. माझे मालक, तुझे धाकटे दादा, गेल्यापासून हे काम गिरणीतल्या मारोतरावाकडे आलं. तो उतरला की त्याची बायको प्रेमिला गिरणीच्या दारात येऊन उभी राहायची. नुसती त्याच्या कमरेच्या दोराकडे बघत राहायची. मला ते पाहवेना.

एक दिवस पोत्यातून तूर ओतत होते. तोंडाशी अडकली. मी काय पोत्यात हात घातला? नाही. पोत्याचं अंग दोन्हीकडून चेपलं, तूर खाली आली. तिथंच मनात भरलं की कोठीचं अंगच मऊ असलं तर माणसानं आत जायचं काहून? सदर बाजारातल्या तंबूवाल्याकडून जाड कापड आणवलं, दाभण आणि सुतळी घेऊन शेजारच्या चारुशीलेच्या मदतीनं अंगणात बसले, आणि कोठीएवढा मोठा थैला शिवला. बोटं सोलली. मोठे दादा ओसरीवरून म्हणाले, "विधवा बाईचं शिवण गिरणीत टांगून राहिली, अपशकुन करते का?" मी सुतळी ओढत राहिले.

कोठी उतरवून तिच्या जागी थैला टांगला, त्या पहिल्या दिवशी माझी चांगलीच फजिती झाली. सरकी अडकली ती अडकलीच. मोठे दादा तर मांडी थोपटून हसले. वर चढून पाहते तर मारोतरावानं थैला चारी बाजूंनी दोरांनी ओढून मंडपासारखा ताठ बांधलेला. विचारलं तर म्हणतो, "बाईसाहेब, तुमच्या हातचं काम, ढिलं लोंबलं तर लोक काय म्हणतील?" बिचाऱ्यानं माझी अब्रू राखायला थैल्याचं लाकूड करून ठेवलं होतं. मी सगळे दोर सोडवले. एकच ठेवला, तो थैल्याच्या पोटाला बांधला आणि त्याचं टोक इंजिनावर हलणाऱ्या चाळणीच्या दांड्याला. चाळणी हलली की थैल्याचं पोट आत जातं, बाहेर येतं. सरकी अशी उतरते सुमती, की बघत राहावं. तेव्हापासून आत कोणी उतरलं नाही. प्रेमिला आता दारात येत नाही, घरी भाकरी थापत असते.

पण मोठ्या दादांना ते दिसत नाही. बापाची सागवानी कोठी मागच्या पडवीत पडलीय, हेच त्यांना खुपतं. खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की थैला काढायचा आणि कोठी पुन्हा चढवायची, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलंय. मारोतरावाला कमरेचा दोरही नवा आणून दिलाय. आणि पूजा घरच्या सवाशिणीच्या हातची हवी, म्हणून तुला बोलावणं धाडलंय. तू येशील. माहेरचं बोलावणं तू कधी मोडलं नाहीस.

म्हणून लिहिते. तुझे धाकटे दादा छातीत कळ येऊन गेले, असं तुला कळवलं होतं. ते खोटं आहे. ते त्या कोठीत बांबू घेऊन उतरले होते. कमान त्यांच्या अंगावर कोसळली. बाहेर काढून ओसरीवर निजवलं, तेव्हा त्यांच्या तोंडातली सरकी मी माझ्या बोटांनी काढली. घराण्याच्या कोठीचं नाव खराब होऊ नये म्हणून मोठ्या दादांनी सगळ्यांना गप्प बसवलं, मलाही. आता मी गप्प बसणार नाही. तू ये, हळदकुंकू घेऊन ये, आणि सगळ्यांच्या देखत माझ्या थैल्याला लाव. ज्यात तुझा भाऊ गुदमरला त्या लाकडाला तुझं बोट लागू देऊ नकोस. तुला दादांपुढे धीर झाला नाही, तर करंडा माझ्या हातात दे. मी लावीन. विधवेनं कुंकवाला हात लावला म्हणून ज्याला ओरडायचं असेल त्यानं आधी त्या कोठीत उतरून दाखवावं.

तुझीच,
देवकी वहिनी