तळाचे खण

प्रिय सुगत,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण बहिणीने भावाला दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही. गेले तीन आठवडे तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. तू बोलायला लागलास की मला गुंडाळतोस. लिहिलेलं तुला मधेच तोडता येणार नाही.

आमच्या संग्रहालयाचं भांडार खाडीकाठच्या वळ गावातल्या गोदामात हलवायचं ठरलं, तेव्हा आर्किटेक्ट म्हणून तुझं नाव मीच सुचवलं. चित्रं जपणं माझं काम, त्यांना जागा बांधणं तुझं. दोघं मिळून काहीतरी चांगलं उभं करू, असं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी तिथला वॉचमन काळूराम भेटला. गोदामं व्हायच्या आधी त्याच जमिनीत त्याच्या घरचं भात पिकायचं. तो तुला म्हणाला, "सायेब, खाडी भरली का पानी हितंच येतं. गुडघाभर. जोतं उचला." तू हसलास, आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोललास, त्याला कळू नये म्हणून. त्याला कळलं होतं.

मी तुला लेखी कळवलं की जमीन दोन फूट उचल, आणि कागदावरच्या चित्रांचे खण कमरेच्या खाली ठेवू नकोस. तुझं उत्तर आलं की जमीन उचलली तर ट्रक थेट आत येणार नाही, आणि तळाचे खण काढले तर सगळा संग्रह मावणार नाही. शेवटी लिहिलं होतंस, 'ताई, तू चित्रं पूस, डिझाइन माझ्यावर सोड.' उद्घाटनाचे तुझे फोटो पेपरात आले. आईने ते कापून ठेवलेत.

त्या तळाच्या खणांत अंबाडी गावच्या चंद्राबाईंची जलरंगातली चित्रं गेली. साठ वर्षांचं काम. घर गळतं, तुमच्याकडे तरी कोरडी राहतील, म्हणून बाईंनी ती सगळी आम्हाला दिली होती.

जुलैत पाणी आलं. गुडघाभरच. तुला मी अकरा फोन केले. मी पोचले तेव्हा काळूराम एकेक खण छातीशी धरून पाण्यातून माळ्यावर नेत होता. ओला कागद लगेच गोठवला तर त्याला बुरशी धरत नाही, हे सांगितल्यावर तोच धावत गेला आणि रस्त्यापलीकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जागा मिळवून आला. गोठवलेल्या मटारांच्या पोत्यांशेजारी आम्ही नव्वद चित्रं ठेवली. उरलेली दोनशे गेली.

चंद्राबाई बघायला आल्या. त्यांच्या हातात मी एक कागद दिला. त्यावर फिकट गुलाबी डागाखेरीज काही उरलं नव्हतं. तो उजेडाकडे धरून त्यांनी विचारलं, "हे माझंच का गं?" मी हो म्हणाले.

आणि मग चौकशीच्या बैठकीत तू सरळ चेहऱ्याने सांगितलंस की वॉचमनने नाल्याची झडप लावली नाही, म्हणून पाणी आत आलं. तुझ्या नकाशात झडपच नाही, सुगत. मला ते ठाऊक होतं, आणि मी तुझ्या शेजारी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी काळूरामला काढलं. बैठकीतून बाहेर पडताना तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, "थँक्स, ताई." माझा इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता. राग तुझा येतो, आणि त्याहून माझा, कारण तू माझ्यावर भरवसा ठेवलास तो बरोबर ठरला.

आज सकाळी मी संचालकांना माझं ते पत्र आणि त्यावरचं तुझं उत्तर दिलं. बैठकीत मी खरं दडवलं, हेही लिहून दिलं. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. दुपारी काळूरामच्या घरी जाऊन त्याला सांगून आले. त्याने पाणी दिलं, बस म्हणाला नाही. सोमवारी समिती तुला बोलावेल. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्याचसाठी लिहिलंय. माफी मागायला नाही, समजूत काढायला तर नाहीच. आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांग, आणि तिला तरी झडपेची गोष्ट सांगू नकोस.

अजूनही तुझीच बहीण, इलाज नाही म्हणून,
दीक्षा