विसावा कक्षातला खोकला

६ जानेवारी, सोमवार
आजपासून मी नोडल अधिकारी. विषय: आरोग्य कर्मचाऱ्यांचं बर्नआउट रोखणं आणि मनःस्वास्थ्य वाढवणं. जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये माझं नाव मीच सुचवलं. कुणी विरोध केला नाही. बरोबरच आहे, मी कधी थकत नाही. आमच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची दोन पदं. दुसरं रिकामं आहे, त्यामुळे मतभेद होत नाहीत.
ही रोजनिशी म्हणजे माझं सेल्फ-केअर. कुणाला दाखवायची नाही.
संकल्प: रोज सकाळी हास्ययोग. 'थकलो' या शब्दावर बंदी. स्टाफसाठी विश्रांतीची खोली. बावीस तारखेला पाहणीसाठी समिती येणार आहे. तोवर सगळ्यांना प्रसन्न करून ठेवायचं.

७ जानेवारी
पुरुष वॉर्डाशेजारची स्टोअर रूम रिकामी केली. मोडक्या व्हीलचेअर बाहेर, एक कॉट आत, निळा पडदा. दारावर पाटी: विसावा कक्ष.
हास्ययोगाला अश्विनी सिस्टर, शिपाई सहदेव आणि एक पेशंट. पेशंट चुकून आला होता, पण सगळ्यात छान तोच हसला.
दुपारी कॉट तपासायला आडवा झालो. डोळा लागणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला. तीन नंबरच्या कॉटवरचे कडूबा. दम्याचे जुने पेशंट. थंडी पडली की देऊळघाटहून येतात आणि संक्रांत करूनच जातात. दोन ठसके, मग शेवटी शिट्टीसारखी बारीक ओढ. मला पाठ झाला आहे.

८ जानेवारी
राउंडला कडूबांनी माझा हात धरला. म्हणाले, साहेब, तुमाले एक सांगाचं व्हतं. तेवढ्यात फोन. उद्या बुलढाण्याला प्रशिक्षण, हजेरी सक्तीची. मी म्हणालो, परवा सकाळी येऊन निवांत ऐकतो. ते म्हणाले, हाव. हात सोडायला मात्र त्यांनी वेळ लावला.

९ जानेवारी, गुरुवार
प्रशिक्षण उत्तम. 'काम आणि जीवन यांचा समतोल.' मोबाईल सायलेंटवर ठेवायला लावले. मी बराच वेळ डोळे मिटून एकाग्र होतो. शेजारच्या मॅडमनी दोनदा हलवलं, त्यांचा गैरसमज झाला.
बाहेर आल्यावर फोन पाहिला. कडूबा दुपारी गेले.
शेजारच्या पीएचसीचे डॉक्टर वेळेत पोचले होते. जे करायचं ते सगळं केलं. मी असतो तरी तेच केलं असतं. हे वाक्य पुन्हा वाचून पाहिलं. बरोबर आहे.

१० जानेवारी
तीन नंबरची कॉट रिकामी. गादी उन्हात टाकली आहे. मला वाईट वाटलं. वाईट वाटल्याची नोंद केली आणि पुढे गेलो. प्रशिक्षणात असंच सांगितलं आहे.
दुपारी विसावा कक्षात टेकलो. खोकला आला. दोन ठसके, मग बारीक ओढ.
उठून वॉर्डात गेलो. तीन नंबरवर कुणी नाही. सहदेवला पाण्याची मोटर बघायला लावली. म्हणाला, मोटर तर सकाळपासून बंदच हाय, सर. अश्विनी सिस्टरना विचारलं, कोण खोकत होतं? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, सर, तुमी दोन दिवस रजा घ्या ना.
बर्नआउटचं हे ठळक लक्षण: दुसऱ्यावर ढकलणं. सिस्टर बिचाऱ्या फार थकल्या आहेत. त्यांचं नाव 'जास्त जोखीम' गटात टाकलं.

१२ जानेवारी
रविवार आहे, पण धाड गावाकडून अपघाताची जीप आली. सगळे वाचले. छान वाटलं. जेवायचं राहिलं.
विसावा कक्षात स्टाफमधलं कुणीच जात नाही. सहदेव म्हणतो, भिंतीपल्याड कडूबाची कॉट हाय, तिथं कोन झोपल? मी अंधश्रद्धेवर छोटं भाषण दिलं. भाषण संपताना घसा बसला. मग उदाहरण घालून द्यायला स्वतः जाऊन पडलो.
खोकला. या वेळी अगदी उशाशी.
मी शास्त्राचा माणूस. लगेच बाहेर आलो, कारण ओपीडीत काम होतं. ओपीडी बंद होती हे नंतर लक्षात आलं.

१४ जानेवारी, संक्रांत
'कृतज्ञता वर्तुळ' घेतलं. प्रत्येकानं तिळगूळ देऊन एकेक चांगली गोष्ट सांगायची. सहदेव म्हणाला, आज लवकर सुटी होते हे चांगलं हाय. सुटी होणार नव्हती.
कडूबांच्या सवयीप्रमाणे आज त्यांचा डिस्चार्ज असता. राउंडला मी तीन नंबरपाशी थांबलो, केसपेपर घ्यायला हात पुढे केला. सिस्टरनी चार नंबरचा हातात दिला.
आईचा फोन. काऊन रे धम्मरत्न, आवाज असा काऊन येऊन राह्यला? झोपतो का नाई? मी म्हणालो, आई, मी झोपेवरच काम करून राह्यलो. ती म्हणाली, काम नको करू, झोप.

१६ जानेवारी
खोकला आता क्वार्टरमध्येही येतो. जीपमध्येही. काल राउंडला आला आणि सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. म्हणजे भास नाही. तरी खात्री करावी म्हणून एकेका पेशंटला विचारलं, खोकल्याचा आवाज येतो का? सगळे म्हणाले, येते ना डाक्टर, काल तर लय येत व्हता. स्वतंत्र साक्षीदारांनी दुजोरा दिला. फार बरं वाटलं.
सिस्टर थर्मामीटर घेऊन मागे लागल्या आहेत. त्यांना दीर्घ श्वासाचा व्यायाम दिला. करून दाखवताना माझा मधेच तुटला.

१८ जानेवारी, शनिवार
हे नीट लिहायला हवं.
सकाळी कडूबांचा मुलगा गोपाल याचा फोन. आज दहावा. डाक्टरसाहेब, नदीवर या लागते, कावळा शिवून नाही राह्यला. आमच्या घरात पिंड नाही, कावळा नाही, आम्ही बौद्ध. आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, पूजेत बसू नको, हात जोडू नको, पन मानसाच्या दुःखात जाय. रिपोर्टमध्ये 'फील्ड व्हिजिट' दाखवायचं ठरवलं. सहदेवच्या मोटारसायकलवर गेलो.
ऊन चढलेलं. पिंड मांडलेले. कावळा समोर बाभळीवर, हलायला तयार नाही. मृताच्या मनात जे अडकलं असेल त्याचं वचन दिल्याशिवाय तो शिवत नाही, असं ही माणसं मानतात. गोपालनं सगळी वचनं देऊन झाली होती: आईचं डोळ्याचं ऑपरेशन करतो, गोऱ्हा विकत नाही, भावाशी बोलतो. कावळा मान वाकडी करून बघत होता. पोरं भुकेली, बायका उन्हात बसलेल्या.
मग कडूबांच्या बायको सत्यभामाबाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, जाच्या दिवशी सारखं तुमचंच नाव घेत व्हते. म्हने डाक्टरचा खोकला माह्यासारखाच हाय, तो पोरगा झोपत नाही, त्याले सांगाचं व्हतं, राहूनच गेलं. आता तुमीच बोला त्याहीले.
कडूबांना ऐकू कमी यायचं. स्वतःचाच खोकला भिंतीवरून परत येत असेल आणि माझा वाटला असेल. पण ती वेळ समजावून सांगायची नव्हती. मी लांब उभा राहून म्हणालो, मी माझ्या मनःस्वास्थ्याकडे योग्य ते लक्ष देईन. कावळ्यानं पंखसुद्धा हलवला नाही. सत्यभामाबाई म्हणाल्या, असं सरकारी नोका बोलू.
मग मी म्हणालो, कडूबा, मी रजा घेतो. झोपतो. खरंच झोपतो.
तो 'खरंच' माझ्या तोंडातून कसा आला माहीत नाही. कावळा उतरला, पिंडाला चोच लावली. बायका रडायला लागल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, धुरानं. तिथं धूर नव्हता असं सहदेव परतताना म्हणाला, पण तो मोटारसायकल चालवत होता, त्याला काय दिसणार.

१९ जानेवारी
रजेचा अर्ज लिहिला. दुपारी फाडला. बावीसला समिती. नोडल अधिकारीच झोपला तर कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीचं काय होणार? कडूबांनी समजून घेतलं असतं. शिवाय कावळा तर शिवला, म्हणजे प्रकरण बंद.

२१ जानेवारी
प्रकरण बंद नाही. सकाळपासून खिडकीत कावळा. इथे कावळे पुष्कळ, मला माहीत आहे. हा मान वाकडी करून बघतो.
पायऱ्या चढताना छातीत टोचतं. तणाव. समिती आल्यावर जाईल.

२२ जानेवारी
समिती आली. मी माईकवर बोलायला उभा राहिलो. विषय: 'थकवा वेळीच ओळखा.' पुढचं सहदेवच्या मोबाईलमधल्या व्हिडिओवरून लिहितो, मला सलग आठवत नाही.
व्हिडिओत स्टेजवर मी एकटाच आहे. हॉल शांत आहे. दोन ठसके येतात, मग शिट्टीसारखी बारीक ओढ. स्पीकरमुळे फारच स्पष्ट. माझे खांदे हलताना दिसतात. मी माईकवरून विचारतो, कोण खोकतंय? पहिल्या रांगेतून अश्विनी सिस्टर उठतात, स्टेजवर येतात आणि म्हणतात, सर, तुमीच खोकून राह्यले. पंधरा दिवसांपासून तुमीच. त्यानंतर मी खाली बसतो. नंतर नुसतं छत दिसतं.

२३ जानेवारी, दुपार
एक्स-रेमध्ये उजवीकडे न्यूमोनियाचा पॅच. वॉर्डात फक्त तीन नंबरची कॉट रिकामी होती. तिथेच ठेवलं आहे. याचा फायदा असा की पेशंटच्या नजरेतून वॉर्डाची पाहणी होईल.
पीएचसीचे डॉक्टर राउंडला आले. मी त्यांचा हात धरला, मला त्यांना एक सांगायचं होतं. त्यांना फोन आला. म्हणाले, उद्या येऊन ऐकतो. मी म्हणालो, हाव.
सिस्टर सलाईन लावून गेल्या. जाताना म्हणाल्या, आता झोपा, सर. त्यांचे स्वतःचे डोळे लाल होते. मी म्हणालो, सिस्टर, मी थकलोय. शब्दावर बंदी माझीच होती. त्यांनी ऐकलं आणि पांघरूण वर ओढलं.
विसावा कक्ष भिंतीपलीकडे रिकामा आहे. तिकडून कसलाही आवाज येत नाही.
कावळा इथल्याही खिडकीत येऊन बसला आहे. आता डोळे मिटतो. तो गेला की उठतो.