खांद्यावरचा हात

शुक्रवार संध्याकाळ, रिग्गई, कुवेत

डोकं भणभणतंय नुसतं. माझी मुलगी सना अमेरिकेत ऑनलाइन नोटरी झाली. लोकांनी कॅमेऱ्यासमोर सही करायची, हिने तिथून शिक्का मारायचा. परवाना आहे, पण काम नाही. म्हणून पहिलं गिऱ्हाईक मीच आणलं, माझा दोस्त युसुफभाई. मुलाच्या तिकडच्या घरातला आपला हिस्सा त्याला मुलाच्या नावावर करायचा होता. माझ्याच लॅपटॉपसमोर बसवलं. सुट्टीवर आलेला मुलगा मागे उभा, बापाच्या खांद्यावर हात ठेवून.

आणि आमच्या बाईसाहेब काय म्हणतात? "चाचांना एकटं बसू द्या. अब्बा, तुम्हीपण बाहेर." मी? माझ्याच घरात? म्हणे, सही स्वतःच्या मर्जीने करतायत का, ते विचारावं लागतं. मुलगा खांद्यावरचा हात काढेना. "डॅड, जस्ट साइन." सनाने सरळ कॉल बंद केला! असं वागल्यावर हिला काम कोण देणार?

नंतर फोनवर चांगली झापली तिला. तर मलाच विचारते, "अब्बा, चाचांचा चेहरा बघितलात?"

चेहरा कशाला बघू? मी तो हात बघत होतो. बापावर किती माया, असं वाटलं.

पण निघताना दारात युसुफभाईने माझा हात घट्ट धरला होता. सोडेचना. मी रागात होतो. झटकला.