आबांचा भरतीचा कागद

ती. दादा,

बॉस्टनहून धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. लेकीकडे मी मजेत आहे; गुडघा तेवढा कुरकुरतो. वहिनींचा खोकला थांबला का?

माझ्या जुन्या कागदांच्या संग्रहात परवा मोलाची भर पडली. इथे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचा पलटणीच्या भरतीचा कागद मिळाला. सहीच्या जागी कुणा शेतकऱ्याच्या पोरानं फुली काढलीय. ती पाहून आपल्या आबांनी पलटणीत भरती होताना उठवलेला अंगठा आठवला.

तुमचा चि. वीरधवल आबांचा भरतीचा कागद लॅमिनेशनला आष्ट्याला नेणार, असं कळलं. त्याला अडवा. त्या उष्णतेनं जुना कागद खराब होतो आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. वहिनी म्हणतील, "आवं, तुमची भन अमेरिकेतनं बी हुकूम सोडतीया!" म्हणू देत.

दिवाळीत कुंडलला येतेय. आबांनी अंगठा टेकवला, तिथे एकदा मला माझा टेकवायचाय.

तुमची लाडकी,
हेमलता