ऑक्साइडच्या पातळ थरासाठी, सप्ताहासाठी नव्हे

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता साहेब,
वीजपुरवठा उपविभाग, मुरबाड, जि. ठाणे.

विषय : 'अखंड हरिनाम सप्ताह' या कारणाने महाविद्यालयास भारनियमनातून मिळालेली सूट रद्द करून, ती खऱ्या कारणासाठी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे दि. १७ एप्रिलचे मंजुरीपत्र.

महोदय,

सविनय कळविते की, मिळालेली सवलत परत करण्याचा अर्ज आपल्या टेबलावर क्वचितच आला असेल. तो माझ्याकडून येत आहे, याबद्दल क्षमा असावी.

१. आमच्या प्रयोगशाळेत हवा काढून घेतलेली एक पोलादी पेटी आहे. तीत ऑक्साइडची भुकटी दाबून, भाजून केलेली चकती ठेवतात. तिच्यावर लेझरचे ठोके पडले की जांभळट ज्योत उठते आणि समोरच्या नखाएवढ्या स्फटिकावर थर बसत जातो. केस शेकडो वेळा चिरावा, इतका तो पातळ. स्फटिक सातशे अंशांवर तापलेला लागतो आणि नंतर प्राणवायूत अगदी हळू निववावा लागतो. मध्येच वीज गेली की पंप थांबतो, स्फटिक एकदम गार पडतो, थर तडकतो. दोन स्फटिक असेच गेले. आता एकच उरला आहे. जनरेटरचा विद्युतदाब हलता असल्याने त्यावर लेझर चालत नाही. हा लेझर मुंबईच्या संस्थेने उसना दिलेला असून सोमवारी तो परत न्यायला गाडी येणार आहे. शुक्रवारपर्यंत तयारी चालेल आणि रविवारी लेझर सोडवून बांधायचा आहे, म्हणजे माझ्या हाती फक्त शनिवार, दि. २२ आहे. तो थर झाला नाही तर प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहिता येणार नाही, आणि मे महिन्यात माझी पीएच.डी.ची नोंदणी संपते.

२. यापूर्वी मी स्वतः आले होते. सूट दवाखाना, पाणीपुरवठा, परीक्षा, लग्न व धार्मिक कार्य यांनाच देता येते, असे मला सौजन्याने सांगण्यात आले. मी परत फिरले. माझा उतरलेला चेहरा पाहून आमचे लिपिक अनंता यांनी मला न विचारता सप्ताहाचा अर्ज पाठविला. मंजुरी हातात देताना म्हणाले, "मॅडम, सप्त्याची लाईट कोन कापतो? तुमी रोज माळ ओढता, उपास करता. तुमच्यावर कोनाला शक यायचा नाय." त्यांचा हेतू चांगला होता. त्यांच्यावर कारवाई होऊ नये, ही विनंती.

३. पुढचे मात्र कोणाच्याच हातात राहिले नाही. बातमी वैशाखरे गावात पोचली आणि काल सकाळी भजनी मंडळाचे देवजीबुवा वीणा घेऊन मंडळींसह फाटकात उभे. "मांडव कुठंय गो, पोरी?" मागे सकुबाई, महाप्रसादाचे तांदूळ डोक्यावर घेऊन. मी सर्वांना प्रयोगशाळेत नेले आणि खरे सांगितले. बुवा पेटीच्या काचेतून बराच वेळ आत पाहत राहिले. मग म्हणाले, "त्यात काय! आमी खराच सप्ता घालतो. मंग खोटं ऱ्हायलं कुठं?" सकुबाईंना तर हुरूप चढला, "भोंगा लावू, हॅलोजन लावू, पार सिद्धगडाला ऐकू जाईल!" साहेब, हे सगळे आमच्याच रोहित्रावर येणार. भोंगा नि हॅलोजन लागले की दाब पडतो आणि लेझर बंद होतो. सप्ताह झाला नाही तर मंजुरी खोटी, झाला तर वीज निरुपयोगी. मी नको म्हटले. बुवांना लागले. "देवाला नाय म्हनतेस नि लाईट मागतेस," एवढेच बोलून ते गेले. सकुबाई तांदळाचे गाठोडे तिथेच टाकून गेल्या.

४. सहकारी सांगतात, शनिवारपर्यंत गप्प राहा, नंतर कोण विचारतो? मौन माझ्या सोमवारच्या व्रतात आहे, पण ते अशासाठी नाही. माळ झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही, आणि नाव घेतल्याशिवाय पेटीचे बटण दाबलेले नाही. त्याच नावाने खोटी वीज घेतली तर शनिवारी हात बटणापर्यंत जाणार नाही. शिवाय आमच्या वाट्याचा अंधार त्या दिवशी शेजारच्या वाड्यांच्या माथी येईल. तिथल्या बाया अंधारात चूल फुंकतील आणि म्हणतील, असू दे, हरिनामासाठी आहे.

५. तरी विनंती की, सदर सूट रद्द करावी. शनिवारी सकाळी दहा ते सायंकाळी पाच एवढाच वेळ वीज द्यावी आणि कारण म्हणून 'ऑक्साइडचा पातळ थर' असेच लिहावे. तसा रकाना नसेल व सूट देता येत नसेल, तर माझी तक्रार नाही. फक्त शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवावे. स्फटिक एकदा तापकावर चांदीच्या लेपाने चिकटवला की अखंड निघत नाही. उत्तर आले नाही तर मी तो चिकटवणार नाही.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी, नम्र,

(सही)
कु. प्रेमा दामू हरड
अधिव्याख्याता, पदार्थविज्ञान,
विज्ञान महाविद्यालय, वैशाखरे रस्ता, ता. मुरबाड
दि. १९ एप्रिल २००६

सोबत :
१) लेझर परत नेण्याबाबत मुंबईच्या संस्थेचे पत्र, प्रत.
२) दि. १७ चे मंजुरीपत्र, मूळ. झेरॉक्स ठेवलेली नाही.