न जळालेली मोटार

आष्टी, गुरुवार

प्रिय मोनाली,

तू पाठवलेली कादंबरी संपली. संपली कसली, तिनं मलाच संपवलं. मिठाच्या रणात ट्रक बंद पडलेला तो ड्रायव्हर, त्याचे अकरा दिवस, आणि त्यातलं ते सातव्या दिवसाचं प्रकरण! जीभ सुजून टाळूला चिकटलेली, थुंकी गिळायला जावं तर घशात वाळू, आणि उजाडताना तो ट्रकच्या पत्र्यावरचं दव चाटतो. मी भाकरी टाकता टाकता वाचत होते. तव्यावरची भाकरी जळाली. सासूबाई म्हणाल्या, "पुस्तकात कोण मेलं का काय?" मी तीनदा उठून पाणी प्यायले आणि तिन्ही वेळा ग्लास खाली ठेवताना रडू आलं. त्याच भरात तुला ते चार मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवलं, हुंदक्यांसकट.

तू लगेच लिहिलंस की वाचावं तर शीतलसारखं, आणि हे सगळं नीट लिहून काढ, रविवारी तीर्थपुरीच्या वाचनालयात सगळ्यांसमोर वाच, मी बाबांनाही घेऊन येते. मी हरखून हो म्हणाले. मला लोकांनी चांगलं म्हटलेलं किती आवडतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? टिपण काढायला म्हणून काल दुपारी ते प्रकरण परत उघडलं आणि एका ओळीवर अडकले. त्या माणसाच्या ओठांच्या कोपऱ्यांत पांढरं, चिकट साचलेलं असतं, बोलताना त्याची तार ताणली जाते. मोने, हे मी पाहिलेलं आहे. ड्रायव्हरच्या तोंडावर नाही, तुझ्या बाबांच्या.

२०१३चा उन्हाळा आठव. आपण बारावीची परीक्षा देऊन घरी बसलो होतो. विहिरी कोरड्या, टँकर दोन दिवसांआड, आणि गावात चालू बोअर दोन-तीनच, त्यातलं एक आमचं. वीज असेल तेवढ्या वेळात जे पाणी यायचं ते हौदात घेऊन मोसंबीच्या झाडांना. आईनं मला सांगून ठेवलं होतं, कोणी आलंच तर बागेपुरतंच आहे म्हणावं. पण म्हणणं वेगळं. ज्या दिवसाचं सांगतेय, त्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतल्या दोन बायकांना तिनं दोन-दोन हंडे भरून दिले होते, माझ्या डोळ्यांदेखत.

मग तुझी आई आली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. आमची आई आत झोपलेली होती. बेबीनंदाकाकूंनी अजून मागितलंसुद्धा नव्हतं, तर मी फाटकातूनच तोंड वर करून सांगितलं, "काकू, मोटार जळाली." कोणी शिकवलं नव्हतं गं. बागेपुरतंच आहे म्हणाले असते तर ते निदान अर्धं तरी खरं होतं. पण मला पाणी द्यायचं नव्हतं आणि वाईटही दिसायचं नव्हतं. आमच्या गल्लीला मिळालं ते तुमच्या बौद्धवाड्याला का नाही, हे मी तुला काय सांगू! बागेचं नुसतं नाव.

काकू काय म्हणाल्या असतील? "अगं बाई, मंग बागेचं कसं व्हईल? थांब, ह्यायलाच लावून देते." रिकामा हंडा घेऊन त्या टँकरच्या रांगेकडे गेल्या, आणि तासाभरात तुझे बाबा, वसंताकाका, हजर. तीर्थपुरीतलं वाइंडिंगचं दुकान बंद करून, सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून, भर उन्हात. आमची मोटार दुरुस्त करायला.

आता लपवणार काय? हौद अर्धा भरलेला, पाइपाच्या तोंडातून थेंब गळतायत. काकांनी स्टार्टरचा डबा उघडला, टेस्टर लावला, हिरवं बटण दाबलं. पाणी धो धो हौदात पडलं. त्यांनी हौदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. लाल बटण दाबलं आणि एकेक स्क्रू परत बसवत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. खरं सांगते, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात आवाजानं आई उठून बाहेर आली आणि काय झालं वसंता, म्हणून विचारू लागली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. काका म्हणाले, "काही न्हाई वहिनी, वायर ढिली झाल्ती. आता बराबर चालंल."

आईनं कोनाड्यातला स्टीलचा ग्लास काढला. कोणता ते तुला माहीत आहे. शाळेत आपण एका बाकावर बसायचो, पण आमच्या ओट्यावर आलीस की तुलाही त्याच ग्लासात पाणी मिळायचं, आणि मी बघत बसायचे. तो भरून तिनं पुढे केला. काका म्हणाले, "नको वहिनी, घरून पिऊनच निघालो." त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांत पांढरं साचलं होतं, बोलताना त्याची तार ताणली गेली. तुमच्या घरात पाणी नव्हतं, हे काकूंचा रिकामा हंडा बघितलेल्या मला पक्कं माहीत होतं.

पुढचं तर आणखी लाजिरवाणं आहे. संध्याकाळी आई मला म्हणाली, वसंतानं एवढं काम केलं, बेबीनंदाला म्हणावं पाऊस पडेपर्यंत रोज दोन हंडे नेत जा. मी निरोप घेऊन पिठाच्या गिरणीपर्यंत आले आणि तिथूनच माघारी फिरले. काकांसमोर कोणत्या तोंडानं उभी राहणार होते? आईला सांगितलं, त्यांना नको म्हणे, टँकर येतो. माझी लाज झाकायला तुझी आई आणखी दीड महिना त्या रांगेत उभी राहिली.

आणि तू! माझ्या लग्नात माझ्या सासरच्यांना कौतुकानं सांगत होतीस, आमच्या बाबांनी त्या साली हिची मोटार दुरुस्त केली म्हणून यांची मोसंबी वाचली. मी हसले गं, चक्क हसले. काका बाजूच्याच पंगतीत जेवत होते, त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा कळलं की त्यांनी हे घरात कोणालाच सांगितलेलं नाही. पुस्तकातल्या माणसासाठी मी तीनदा रडले. काकांसाठी त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. धाकधूक होती ती फक्त आईला कळेल याची.

रविवारी मी येणार आहे, पण ते टिपण फाडून टाकलं. ते वर्णन मला एवढं का लागलं, याचं उत्तर हे पत्र आहे, आणि काका समोर बसलेले असताना दुसरं काही वाचायची माझी हिंमत नाही. आधी हे त्यांना आणि काकूंना वाचून दाखव. सगळ्यांसमोर वाच म्हणाले तर वाचीन. नको म्हणाले तर त्यांच्यापुढे बसून सांगेन. आणि तिचं तोंड बघायचं नाही म्हणाले, तर तेही बिलकुल बराबर आहे. बाराच्या एसटीतून उतरून मी आधी तुमच्या घरी येईन. मी चपला काढायच्या आत तू पाणी घेऊन येतेस, नेहमीच. या खेपेला घाई करू नकोस. काका आण म्हणाले तरच आण. मी घरून पिऊन निघणार नाही.

अजून तरी तुझीच,
शीतल