फोन न उचलणारी माणसं

३ जून, मंगळवार
शंभरातले दोन! आमच्या श्रवणयंत्रांच्या दुकानाची सोशल मीडियावरची जाहिरात बघून शंभर जण फॉर्म भरतात, आणि कान तपासायला प्रत्यक्ष येतात दोन. मालकांनी आज हा आकडा फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या — एक आम्हाला दिसली नसती बहुतेक. महिनाअखेर दोनाचे दहा झाले नाहीत तर सगळं काम बाहेरच्या कंपनीकडे. म्हणजे जाहिराती लिहिणारी मी आणि फॉर्मवाल्यांना फोन लावणारी फोनवाली, दोघी घरी. ती एकटीच्या पगारावर दोन मुली शिकवतेय. मी बावन्न वर्षांची आणि तिरकस. मला कोण ठेवून घेणार?

४ जून
सल्लागार आले. बुटात मोजे नाहीत, तोंडात सतत टक्के. मी लगेच नाव ठेवलं — टक्केशास्त्री. त्यांचं निदान: बटण हिरवं आहे, ते केशरी हवं. जाहिरातीतल्या बाईनं अजून हसायला हवं. शिवाय "फक्त आज" म्हणत उलटं मोजणारं घड्याळ. मी विचारलं, लोकांना उद्यापासून आपोआप ऐकू यायला लागणार आहे का? कुणी हसलं नाही.

७ जून
बटण केशरी. बाई अक्कलदाढेपर्यंत हसतेय. शंभरातले दोन.

९ जून, सोमवार
फोनवालीची वही चाळली. पानंच्या पानं तेच — "उचलत नाही." "उचलला, हॅलो हॅलो करून ठेवला." "चिडले." टक्केशास्त्रींच्या मते ही सगळी रिकामटेकडी माणसं, कचरा, यांना जाहिरात दाखवणंच बंद करू. रिकामटेकडा माणूस दहा रकान्यांचा फॉर्म भरत बसतो? मला तर बँकेचासुद्धा भरवत नाही.

११ जून
आज उलगडा झाला. लाजही वाटली, ती इथे लिहायला हरकत नाही.

अकराच्या सुमाराला एक आजोबा आले. इस्त्रीचा शर्ट, निवृत्त घड्याळदुरुस्तीवाले. मोबाइल काउंटरवर ठेवला — आमच्याच दुकानाचे नऊ मिस्ड कॉल. फोनवालीनं तीनदा विचारलं, काका, तुम्ही उचलत का नाही? चौथ्यांदा मी कागदावर लिहून पुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, कागदाची नीट घडी घातली.

"बाई, फोनवर ऐकू आलं असतं, तर तुमचा फॉर्म कशाला भरला असता?"

चार वर्षं! चार वर्षं आम्ही ऐकू न येणाऱ्यांना फोन लावतोय आणि उचलत नाहीत म्हणून त्यांच्या नावावर फुली मारतोय. आणि "कमी ऐकू येतंय? आत्ताच फोन करा" ही जाहिरातीतली ओळ माझीच. मालकांनी खूश होऊन पेन दिलं होतं तिच्यासाठी. त्याच पेनानं हे लिहितेय.

१२ जून
टक्केशास्त्रींना सांगितलं. म्हणाले, तसा डेटा आपल्याकडे नाही. म्हटलं, डेटा काल इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मालकांचं म्हणणं — केशरी बटणाचा प्रयोग चालू आहे, महिनाभर कशाला हात लावायचा नाही.

लावला. पासवर्ड माझ्याकडेच असतो. "आत्ताच फोन करा" काढून टाकलं. तिथे लिहिलं — "आम्ही फोन करणार नाही. दिवस आणि वेळ निवडा, आणि या." दहा रकान्यांचे तीन केले. घड्याळ काढलं, केशरी बटणही काढलं. हसणाऱ्या बाईलाही घरी पाठवलं, तिला कसलाच त्रास दिसत नव्हता. आता मला काढायचं तर काढा!

फोनवाली आधी घाबरली. मग म्हणाली, ताई, जुन्या वहीतल्यांना मेसेज मी करते. संध्याकाळपर्यंत एका बोटानं करत बसली होती.

२० जून
शंभरातले चौदा. बसायला खुर्च्या कमी पडल्या. आजूबाजूच्या दुकानांतून मागून आणल्या.

२८ जून, शनिवार
बैठक. शंभरातले एकोणीस. टक्केशास्त्रींनी पडद्यावर आलेख दाखवला — केशरी बटणाचा परिणाम म्हणे. मी उभी राहिले. ते बटण बारा तारखेपासून जाहिरातीत आहेच कुठे, ते दाखवा म्हटलं. त्यांनी शोधलं. बराच वेळ शोधलं.

मालक फळ्याकडे बघत बसले. मग माझ्याकडे वळले. न विचारता केलंत, माफीपत्र द्या.

"देणार नाही. द्यायचंच तर त्या वहीतल्या माणसांना देईन."

फोनवालीनं टेबलाखाली माझा पाय दाबला, पण मी बसले नाही. शेवटी आम्ही दोघी राहिलो, टक्केशास्त्री गेले. माफीपत्राचं नाव मालकांनी पुन्हा काढलं नाही. मी कशाला आठवण करू?

३० जून
सकाळी चहा घेताना माझी जाहिरात माझ्याच मोबाइलवर आली. पन्नाशीपुढच्यांना दिसते, मीच तसं लावलंय. परवाच्या बैठकीतलं मालकांचं अर्धंअधिक बोलणं मी ओठांवरून वाचलं. वर्षभर तेच चाललंय. फॉर्म उघडला. श्रवणयंत्र कोणासाठी? लिहिलं — आईसाठी. आई जाऊन नऊ वर्षं झाली. वेळ घेतली, गुरुवारी दहाची.